एक इंच म्हणजे सहा फूट

आमच्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. बीड शहरात रेल्वे आली तीच मुळी २०२५ साली, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून. परळीची रेल्वे निजामाच्या काळातली. पण आम्हा अंबाजोगाईकरांना ती धरायची तर आधी एसटी धरावी लागते. विमान म्हणजे फार उंचावरून पांढरी रेघ ओढत जाणारी, आवाज मागे ठेवून जाणारी वस्तू. अशा गावात बसून मी लढाऊ विमानं करतो. प्लॅस्टिकची, बहात्तर पट लहान, टेबलावरची. घरी येणारा प्रत्येक जण काचेच्या कपाटापुढे थबकतो आणि विचारतो, "उडतं का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग कशाला?"

पोळ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. ज्याच्या दावणीला बैल उरला नाही, तोही बाजारातून मातीची जोडी आणतो, पाटावर मांडतो, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. हे बैल औत ओढतात का, असं विचारणाऱ्याला आपण खुळ्यात काढू. लहानपणी आम्ही ओढ्याकाठच्या चिकणमातीचे बैल करायचो, तेव्हा शेजारचे एक म्हातारे शेतकरी ते हातात घेऊन निरखायचे. "वशिंड लई पुढं घेतलंस, ह्यो जू कुठं धरंल?" म्हणून परत द्यायचे. विमानाच्या मॉडेलकडे बघणारी जाणकार नजर हुबेहूब तीच असते. विमानाचा भार चाकांवर आलेला दिसतो का? पंख मुळापासून टोकाकडे किती उचललेत? धुराड्याच्या मागं काजळी कुठवर ओढली गेलीय? प्रश्न उडण्याचा नसतोच. समोरच्या वस्तूकडे तुम्ही किती वेळ नीट पाहिलंय, त्याचा असतो.

या छंदातलं सगळ्यांत चालतं प्रमाण १/७२. हा आकडा फूट-इंचांतून आला आहे: एक इंच म्हणजे सहा फूट. सहाफुटी वैमानिक इंचभराचा होतो. स्पिटफायरचे पंख प्रत्यक्षात सव्वाअकरा मीटरचे, माझ्या टेबलावर साडेपंधरा सेंटिमीटर भरतात. मिग-२१ लांबीला वीस सेंटिमीटर, पण पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम दहा. हे आकडे पुस्तकात वाचून काही वाटत नाही. तेच विमान हातात तयार झालं की कळतं, हे एक लांबलचक इंजिन आहे, त्यावर माणूस बसवलाय आणि पंख नावापुरते दिलेत. नॅट त्याहून लहान, पंख सव्वानऊ सेंटिमीटरचे. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवरून उडाले आणि परमवीरचक्र मिळवून गेले, ते एवढ्याशा विमानात. तळहातावर ठेवलं तर बोटं बाहेर उरतात.

मिगचं म्हणाल तर ते आपल्याच राज्यातलं. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं ही विमानं शेकड्यांनी बांधली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला हवाई दलानं मिग-२१ला निरोप दिला. म्हणजे बीडला रेल्वे आली आणि नऊच दिवसांत मिग गेलं. आमच्याकडे आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान आगगाडीच्या आधी जुनं होतं.

संचाची पेटी उघडली की करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात. त्यांना स्प्रू म्हणतात. भाग त्यांना बारीक देठांनी चिकटलेले असतात. ते ओढून तोडायचे नाहीत. कटरनं थोडं अंतर राखून कापायचे, उरलेला ठिपका ब्लेडनं सोलायचा आणि मग पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं, आधी ४००चा, मग ८००चा, मग १२००चा. हार्डवेअरवाल्याला अजून वाटतं, मी फर्निचरचं काम घेतो. विमानाचं धड दोन अर्ध्यांत येतं, डावं आणि उजवं. ते जोडलं की पाठीवरून एक रेघ उरते. ती घालवण्यात या छंदाचं निम्मं आयुष्य जातं. यातलं सिमेंट पाण्यासारखं पातळ असतं. सांध्याच्या एका टोकाला ब्रश नुसता टेकवला की ते सांध्यातून आपणच पुढं धावतं. प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन्ही बाजू एकजीव करतं. मग बोटांनी हलकेच दाबलं की सांध्यातून केसाएवढा मऊ प्लॅस्टिकचा काठ वर येतो. तो तसाच वाळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी घासला की रेघ गेलेली असते. मला या सबंध कामातला हाच क्षण सर्वांत आवडतो, आणि दाखवण्यासारखं त्यात काहीच नसतं. जिथं रेघ होती तिथं ती नाही, एवढंच.

उन्हाळा या कामाचा वैरी. मे महिन्यात दुपारी रंग ब्रशवरून पंखावर पोचेतो वाळतो आणि एअरब्रशच्या तोंडाशी त्याची गुठळी बसते. म्हणून रंगकाम रात्री. रात्री नेमकी लाइट जाते. उशाशी परळीचं औष्णिक वीज केंद्र असून ही तऱ्हा. आणि रंगाची बाटली ज्वलनशील म्हणून विमानानं येत नाही. विमानाचा रंग ट्रकमधून, खड्डे खात येतो.

प्लॅस्टिकच्या संचांतून विमानं विकायला लागली ती इंग्लंडात. एअरफिक्स ही कंपनी १९३९ची, निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरीहून आलेल्या गृहस्थानं काढलेली. तिचं पहिलं मॉडेल १९४९चं, आणि ते विमान नव्हतं, फर्ग्युसन ट्रॅक्टर होता. ही माहिती आमच्याकडच्या लोकांना सांगितली की छंद एकदम पटतो. स्पिटफायर आलं १९५३ साली. पुढं जपानच्या शिझुओका प्रांतातल्या तामिया आणि हासेगावा या कंपन्यांनी या कामाला दागिन्याची नजाकत आणली. मधली काही वर्षं तर एअरफिक्सच्या पेट्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेलं असे. माझ्या कपाटातलं इंग्रजांचं एक विमान भारतीय कामगारांनी ओतलेलं आहे.

पण मला लिहायचंय ते डीकल्सबद्दल. विमानावरची चिन्हं, आकडे, अक्षरं एका निळसर कागदावर छापून येतात. हवं ते चिन्ह कापायचं, कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवायचं, कागदावरून ते सुटून सरकायला लागलं की ओल्या ब्रशनं पंखावर उतरवायचं. पातळ साय असते ती, एकदा दुमडली की संपलं. हे करताना तोंडाशी धरून वाचावं लागतं की कुठलं चिन्ह कुठल्या बाजूचं. अशाच वाचण्यात मला कळलं की ब्रिटनच्या लढाईत, १९४०च्या उन्हाळ्यात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेल तळावरून उडणाऱ्या एका स्पिटफायर तुकडीचं पूर्ण नाव होतं क्रमांक १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन.

हैदराबाद म्हणजे आमचंच. तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या मुलखात होता आणि अंबाजोगाईचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं. त्याआधी हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी इथं असे. १५२ स्क्वाड्रनच्या मानचिन्हात चक्क निजामाचं शिरोभूषण आहे. खालचं बोधवाक्य 'विश्वासू मित्र' या अर्थाचं. इंग्रजांनी निजामाला दिलेला 'यार-ए-वफादार' हा किताबच तो. ही तुकडी पुढं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली, तेव्हा तिच्या विमानांवर झेपावणारा काळा बिबट्या रंगवला होता आणि वर्तुळाकार राष्ट्रचिन्हातला लाल ठिपका पुसून टाकला होता. जपान्यांच्या लाल सूर्याशी गफलत होऊन आपल्याच विमानावर आपलेच गोळ्या झाडतील म्हणून. तो ठिपका नसलेलं चिन्ह लावताना हात थोडा सावरून चालतो. एका ठिपक्यावर कुणाचा जीव अवलंबून होता.

१५२ ही निजामाच्या पैशाची तुकडी, पण त्याची ही एकच देणगी नव्हती. हरिकेन विमानांच्या २५३ स्क्वाड्रनच्या नावातही 'हैदराबाद स्टेट' आहे. सर्वांत जुनी ११० स्क्वाड्रन, पहिल्या महायुद्धातली. १९१८ साली ती फ्रान्सला गेली तेव्हा तिची डीएच-९ए जातीची सगळी बॉम्बफेकी विमानं निजामानं भेट दिलेली होती, आणि प्रत्येकावर तसा मजकूर रंगवलेला होता. त्यातलं एक विमान आजही शिल्लक आहे. क्रमांक एफ-१०१०, नाव 'हैदराबाद नंबर १२ए'. ऑक्टोबर १९१८मध्ये ते जर्मनांच्या हाती लागलं, बर्लिनच्या संग्रहालयात विजयाची खूण म्हणून मांडलं गेलं, दुसऱ्या महायुद्धात तिथून पोलंडमध्ये पोचलं आणि क्राकोवच्या संग्रहालयात राहिलं. १९७७ साली इंग्रजांनी ते परत मिळवलं, बदल्यात पोलंडला एक स्पिटफायर देऊन. आता ते लंडनला हेंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. हिज हायनेस निजाम ऑफ हैदराबाद यांची भेट, असं त्याच्या अंगावर लिहिलेलं आहे.

या विमानाचं १/३२ प्रमाणातलं मॉडेल न्यूझीलंडच्या विंगनट विंग्ज कंपनीनं काढलं होतं. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनची ही कंपनी, पहिल्या महायुद्धातल्या विमानांसाठी जीव टाकणारी. २०२०मध्ये बंद पडली. आता तो संच कुणी विकायला काढला तर किंमत ऐकून घरात सांगता येत नाही. तो माझ्याकडे नाही. पण विमानाच्या अंगावरच्या त्या एका ओळीनं मला जितकं गुंतवलं तितकं कुठल्याही मॉडेलनं गुंतवलेलं नाही. भेट निजामाची, हे ठीक. निजामाकडं पैसा आला कुठून? शेतसाऱ्यातून. हाली, म्हणजे निजामी, रुपयांत भरलेल्या साऱ्यातून. सरकारी खजिना वेगळा आणि निजामाचा खासगी वेगळा, असं कुणी म्हणेल. पण खासगी खर्चासाठी 'सर्फ-ए-खास' नावाचा वेगळा मुलूखच राखलेला होता, आणि तिथंही राबणारी माणसं आपलीच. म्हणजे बालाघाटाच्या माळावर ज्वारी पिकवणाऱ्या, पाऊस नाही आला तर गाव सोडणाऱ्या माणसाच्या घामाचा काही अंश, कितीही थोडा का असेना, फ्रान्सच्या आकाशातून जर्मन शहरांवर बॉम्ब टाकायला गेला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. विमान कसं दिसतं हेही त्याला ठाऊक नसावं.

माझ्या आजीनं मात्र विमान पाहिलं होतं, किंवा ऐकलं होतं. १९४८च्या सप्टेंबरात. रझाकारांच्या धास्तीनं माणसं शिवारात झोपायची ते दिवस. एका दुपारी घरघर आली आणि सगळे तुरीच्या पिकात आडवे झाले, एवढंच ती सांगे. ते विमान कुणाचं, कुठलं, तिला माहीत नव्हतं. मी नंतर डोकं खाजवलं: डाकोटा असेल, टेम्पेस्ट असेल. भारताची हैदराबादवरची पोलीस कारवाई १३ सप्टेंबरला सुरू झाली आणि १७ तारखेला निजामानं हात टेकले. त्यात भारतीय हवाई दलाची हॉकर टेम्पेस्ट लढाऊ विमानं होती. हॉकर म्हणजे तीच कंपनी, जिनं हरिकेन बनवलं, 'हैदराबाद स्टेट' स्क्वाड्रनचं हरिकेन. यातली खोच बघा. ज्या निजामानं इंग्रजांना स्क्वाड्रनं दान केली, त्याच्यावर वेळ आली तेव्हा त्याच्याकडं स्वतःचं म्हणावं असं लढाऊ विमान नव्हतं. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री-अपरात्री लँकेस्ट्रियन विमानांतून चोरून शस्त्रं आणून देत होता, एवढाच आधार. विश्वासू मित्राच्या मदतीला मित्र आला नाही.

माझं पहिलं पुरं झालेलं मॉडेल मुंबईच्या मामानं आणून दिलेलं होतं, स्पिटफायरच. आजी तेव्हा हयात होती. तिनं ते चष्म्याजवळ धरून बराच वेळ फिरवलं. "ह्यात मानूस कुठं बसतंय?" मी काचेखालचा इंचभराचा वैमानिक दाखवला. तो तिला दिसला की नाही कळलं नाही. मग तिनं विमान उलटं केलं, पोटाकडची बाजू वर, आणि विचारलं, "आन् ह्येच्या खाली कोन ऱ्हातंय?"

या छंदातली पुस्तकं, नकाशे, रंगांचे तक्ते, सगळं वैमानिकाच्या बाजूनं बोलतं. रिव्हेट किती, इंजिन कुठलं, बंदुका किती. पोटाकडची बाजू मॉडेलवालेही हलक्या हातानं करतात, कारण विमान चाकांवर उभं राहिलं की ती कुणाला दिसत नाही. आजीच्या प्रश्नाला या पुस्तकांत उत्तर नाही. आणि हे मान्य केलंच पाहिजे की माझ्या कपाटात आहेत ती सगळी माणसं मारायची यंत्रं आहेत, सुंदर असली तरी. स्पिटफायरच्या पंखाचा लंबवर्तुळी काठ मी आजही बोट फिरवून बघतो. तो काठ तसा सुंदर व्हावा म्हणून कुणी काढला नव्हता. पंख पातळ राहावा, तरी बंदुका नि चाकं त्यात मावावीत, असा हिशेब होता. सौंदर्य त्या हिशेबातून निघालं. मला याचा त्रास होतो. पण म्हणून मी छंद सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही. विमानांची छायाचित्रं पाहून छाती फुगवून घेणारे पुष्कळ आहेत. ते एकही भाग स्वतः जोडत नाहीत. जो जोडतो त्याला क्रमांकाशी येऊन थांबावंच लागतं, आणि प्रत्येक क्रमांकाला एक माणूस असतो.

सुखोई-७ हे भलंदांडगं रशियन विमान मी झेक कंपनीच्या संचातून केलं. ५ डिसेंबर १९७१ रोजी अशाच सुखोई-७मधून फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे शोरकोटवर गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी पुढची सारी वर्षं नवऱ्याचा शोध घेण्यात, दिल्लीपासून पाकिस्तानपर्यंत विचारत राहण्यात घातली. तांबे यांचं नाव पाकिस्तानच्या कैदेत राहिले असं समजल्या जाणाऱ्या ५४ बेपत्ता भारतीय जवानांच्या यादीत आहे. पाकिस्ताननं ते कधी कबूल केलं नाही. माझ्या सुखोईवर मी क्रमांक घातलेला नाही. डीकलचा तो तुकडा पेटीतच आहे. यापलीकडं मला त्याबद्दल काही सांगायचं नाही.

आता टेम्पेस्ट चालू आहे. स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या विमानांवर इंग्रजी वर्तुळाच्या जागी अशोकचक्र आलं होतं, ते मला घालायचंय. चोवीस आरे, एवढ्याशा चकतीत. भिंग लावूनसुद्धा आरे एकमेकांत मिसळतात. टेम्पेस्ट झालं की ते १५२च्या स्पिटफायरशेजारी उभं राहील: एक निजामाच्या पैशाचं, दुसरं निजामावर आलेलं. दोन्ही इंग्लंडातली बनावट. आणि दोन्ही आमच्या भागाशी नातं सांगणारी, जरी आमच्या भागातल्या कुणाचा हात त्यातल्या एकालाही लागलेला नसला तरी.

तिसरी एक वस्तू मात्र अजून मिळायची आहे. कपाटात विमानांच्या मागं मला निजामी अमलातली शेतसाऱ्याची एक पावती लावायची आहे, आमच्याच तालुक्यांतली, मोमिनाबाद, केज, माजलगाव, कुठलीही. अशा पावत्या जुन्या वाड्यांत, पत्र्याच्या पेट्यांत, खरेदीखतांच्या गुंडाळीत असतात. उर्दू कुणाला वाचता येत नाही म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत त्या रद्दीत जातात. तुमच्या घरी असेल तर टाकू नका. मूळ कागद तुमच्याकडंच राहू द्या, मला झेरॉक्स पुरेल. टपालखर्च मी देईन.